वाघमारे सिस्टरांचा मंगळवार

माझ्या हातून आयुष्यात जी काही चोख कामं झाली, त्यांतली बरीचशी मुळात करायचीच नव्हती. आठच्या ठोक्याला दिलेली ती गोळी त्यांतलीच एक.

दिलीप माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. आष्ट्यात त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. तीन आठवडे सांगलीच्या दवाखान्यात काढून तो नुकताच घरी आला होता आणि त्याला पहिल्या रक्ततपासणीला न्यायची कामगिरी माझ्याकडे होती. मी वाईच्या एका शाळेत हेडक्लार्क. हेडक्लार्क माणसाला वाटतं, जगात जे काही बिघडतं ते वेळ न पाळल्यामुळे. माझं स्वतःचं घड्याळ मागं पडायचं, म्हणून आष्ट्याच्या स्टँडवर चहा पिताना मी दिलीपच्या मनगटावरच्या घड्याळात आठ वाजलेले पाहिले आणि खिशातली लिथियमची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"दाजी, आज सकाळी नको म्हणाले होते वाटतं," तो पुटपुटला.

"औषधाला सुट्टी नसते," मी म्हणालो. शाळेत शिपायाला सांगतो त्याच आवाजात.

सांगलीला पोचलो. मनोविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत खिडकीशी एक टेबल होतं. टेबलामागे उंच, काटक, पन्नाशीच्या आसपासची बाई. चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. त्या वाघमारे सिस्टर. त्यांनी दिलीपच्या दंडाला रबरी पट्टी बांधली, सुई हातात घेतली आणि सहज विचारलं, "सकाळची गोळी?"

"दिली!" मी पुढे झालो. "आठच्या ठोक्याला!"

सुई ट्रेमध्ये परत गेली.

"कुणी सांगितलं द्यायला?"

"कुणी नाही. आपणहून."

"आपणहून," त्या म्हणाल्या आणि पट्टी सोडू लागल्या. "अवो साहेब, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्तात किती उरलंय ते बघायचं असतंय. कमी पडलं तर उपेग न्हाई, जास्त झालं तर इख. तुमी सकाळीच ताजी भर घालून आणली. आता ह्या रक्तात दिलीपराव न्हाई दिसायचं, तुमीच दिसणार. उद्या या."

दिलीप हसला. फार नाही, नाकातून हसतात तेवढं. पण चार महिन्यांत तो पहिल्यांदाच हसला होता. सिस्टरांनी ते पाहिलं, पेटीतून त्याचं कार्ड काढलं आणि तारखेपुढे लिहिलं, 'हसला'. मी उलटं वाचलं. दुसऱ्याच्या टेबलावरचं उलटं वाचता येणं ही क्लार्काची एकमेव सिद्धी.

त्या आजाराला आता बायपोलर म्हणतात. तेव्हा डॉक्टर मॅनिक डिप्रेशन म्हणायचे. सिस्टर म्हणायच्या, 'चढउताराचा आजार'. डॉक्टर मितभाषी, गुणी माणूस. आधीच्या एका ठिकाणी दिलीपला दोन वर्षं नुसत्या झोपेच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि पुढे काय झालं हे कुणी विचारलंही नव्हतं. या डॉक्टरांनी आजार नीट ओळखला. त्यांचे आभार मानायला गेलो तर म्हणाले, "औषध मी लिहितो. ते चालवतात सिस्टर."

खरंच चालवायच्या. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती, तिच्यात प्रत्येक पेशंटचं कार्ड. वडील फौजेत होते, त्यामुळे तपासणीला येण्याला त्या 'हजेरी' म्हणत. हजेरीचा वार मंगळवार. येताना गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणायच्या. "भरलेली पट्टी बोलत न्हाई, रिकामी बोलती," असं त्यांचं म्हणणं. मंगळवारी कार्ड कोरं राहिलं की बुधवारी पोस्टकार्ड जायचं. पण पोस्टकार्ड गावभर वाचलं जातं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पत्रात दवाखान्याचं नावसुद्धा नसायचं. 'चि. दिलीपला आशीर्वाद. काल वाट पाहिली. पुढच्या मंगळवारी नक्की येणे. तुझी मावशी.' आष्ट्याचा पोस्टमन कौतुकानं म्हणायचा, "सांगलीची मावशी लय जीव लावती गड्या तुला!" असे किती भाचे त्यांना होते, ते त्या पेटीलाच माहीत.

टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला त्या तेच चार प्रश्न विचारत. झोप किती तास? जेवण? गोळी? आणि चौथा, आवाज जराही न उतरवता, "मरावंसं वाटतं का?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोठ्यानं खोकलो. दिलीप 'नाही' म्हणाला. तो औषध घ्यायला गेल्यावर मी सिस्टरांना समजावायला लागलो. "सिस्टर, असं तोंडावर विचारू नये. मनात नसलं तरी यायचं."

"तुमी शाळंत असता न्हवं? पोराला 'ताप हाय का' इचारलं की ताप येतो का?"

"नाही, पण..."

"पण न्हाई. इचारल्यानं येत न्हाई, दाजी. आधीच आलेलं असलं तर त्याला भाईर पडाय वाट मिळती. न्हाई इचारलं तर माणूस त्याच्यासंगं एकटाच बसून ऱ्हातो."

त्या दिवसापासून मी त्यांचाही दाजी झालो. वर्षभरात पूर्ण वॉर्डाचा.

मग चढ आला. दिलीप हवापालटाला आमच्याकडे वाईला आला होता. छान वाटायला लागलं म्हणून त्यानं गुपचूप गोळ्या बंद केल्या. चार दिवसांत आमच्या आळीतले सगळे बंद रेडिओ त्यानं बोलते केले. पाचव्या दिवशी महाबळेश्वरला गेला तो टॅक्सीच्या टपावर स्ट्रॉबेरीची चारशे रोपं घेऊन उतरला. ती म्हणे आष्ट्याला लावायची. आष्ट्याच्या उन्हात वडाचं झाडसुद्धा सावली शोधतं! पण त्याचे डोळे असे चमकत होते, बोलणं असं धबधब्यासारखं, की मीही भिजलो. मला वाटलं, पोरगं बरं झालं. मी पेढे वाटले. एवढंच नाही, त्या योजनेचं लेटरहेड मी स्वतः छापून आणलं. अध्यक्ष तो, सचिव मी.

बायको म्हणाली, "तो रात्रभर अंगणात फेऱ्या मारतो. तुम्ही घोरत असता म्हणून तुम्हाला कळत नाही. सांगलीला न्या."

नेला. मी सिस्टरांपुढे पेढ्यांचा पुडा आणि लेटरहेड ठेवलं. त्यांनी ते लांब धरून, चष्मा लावून वाचलं.

"सचिव तुमी?"

"हो."

"अध्यक्ष किती तास झोपत्यात?"

दिलीपच फुशारकीनं म्हणाला, "दोन तास! सिस्टर, झोपेची गरजच संपली माझी!"

"आणि गोळीची?"

"तीही. इतकं बरं वाटतंय, कशाला गोळी?"

"दिलीप," त्या म्हणाल्या. खरं बोलायचं असलं की त्या 'राव' काढून टाकत. "बरं वाटतंय म्हणूनच बंद करायची न्हाई. गच्चीवर चढल्यावर कुणी शिडी काढून घेतं का?"

त्याला पुन्हा दाखल केलं. पेढे सिस्टरांनी रांगेत बसलेल्यांना वाटून टाकले. रोपं मी आमच्या शाळेच्या बागेत लावली. एकाला एक फळ आलं, ते खारीनं खाल्लं.

सासूबाई मात्र या फेऱ्यानं खचल्या. त्यांनी नवस बोलला, दिलीप बरा होईपर्यंत घरात अळणी. स्वतः तर मीठ सोडलंच, पण ज्याच्यासाठी नवस त्यानंही पाळायला हवा म्हणून त्याच्याही पानातलं मीठ काढलं. चैत्राचं ऊन. तीन आठवड्यांत दिलीपचे हात असे थरथरायला लागले की तारा जोडायची ती तापलेली सोल्डरिंगची सळई धरता येईना. त्यात उलट्या सुरू झाल्या. आम्हाला वाटलं, ऊन बाधलं. हजेरीला नेलं. सिस्टरांनी त्याचे हात पाहिले, सासूबाईंकडे वळल्या आणि अगदी अनपेक्षित प्रश्न विचारला, "आक्का, काल कालवणात मीठ किती घातलं हुतं?"

सासूबाईंनी अभिमानानं सांगितलं, "चिमूटबी न्हाई! महिना झाला."

सिस्टर उठल्याच. डॉक्टरांना बोलावलं. लिथियम थांबलं, रक्त तपासणीला गेलं, सलाईन लागलं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की हे औषध रक्तात साठत जातं, हे मला तेव्हा कळलं. आईच्या मायेनं पोराच्या अंगात विष चढत होतं आणि आम्ही सगळे जेवताना वाहवा करत होतो.

तो सावरला तशी खरी पंचाईत उभी राहिली. सासूबाई नवस मोडायला तयार होईनात. मी त्यांना विज्ञान समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. मग सिस्टर त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या.

"आक्का, नवस कुणी पाळायचा हे देवाला सांगितलंय का?"

"म्हंजे?"

"घरातल्यानं पाळायचा, एवढंच न्हवं? दिलीपला मीठ सोडाय माझ्या डॉक्टरची परवानगी न्हाई. तुमचं वय झालं. मग ऱ्हायलं कोण?" त्यांची नजर ओपीडीतून फिरत फिरत माझ्यावर आली. "जावई चांगलं धडधाकट दिसत्यात."

"मी?"

"रोज नगं, हेबी माणूसच हाय. सोमवारचं अळणी. दिलीप बरा हुईपतूर."

सासूबाईंचा चेहरा फुलला. जावयानं नवस उचलला, आणखी काय पाहिजे! निघताना मी सिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "पण बरा कधी होईल?"

"बरा हुईल असं न्हाई सांगत मी. ह्यो आजार मधुमेहावानी. औषध चालू असंल तर बरा ऱ्हाईल."

"मग माझं मीठ?"

"तुमचंबी चालू द्या की!"

हे सगळं मी हसत सांगतोय, कारण पुढचं सांगायला बळ लागतं.

त्या पावसाळ्यात उतार आला. दिलीप दुकान उघडेना, बोलेना. दोन मंगळवार हजेरी चुकली. मावशीची दोन कार्डं आली, ती त्यानं देव्हाऱ्यामागे सरकवली. सासूबाईंनी आम्हाला काळजी नको म्हणून कळवलं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान आणायला मी सांगलीला निघालो होतो, वाटेत आष्ट्याला मुक्काम केला. पाहतो तर दिलीप दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ओसरीवर बसलेला. शांत. मला म्हणाला, "दाजी, तुमचं घड्याळ मागं पडतं ना? हे घ्या." आणि पहिल्या कमाईतून घेतलेलं ते मनगटी घड्याळ त्यानं माझ्या हातात बांधलं. मी कौतुकानं बांधून घेतलं. 'सुधारला पोरगा,' सासूबाईंना म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सामान घेतलं आणि त्याच्या गोळ्या न्यायला ओपीडीत गेलो. सिस्टर पेटी चाळत होत्या.

"भाचा कुठाय?"

"घरी. आता उत्तम आहे. आणि हे बघा," मी बाही वर केली, "काय दिलं आम्हाला!"

त्यांनी घड्याळ पाहिलं. हातातलं कार्ड तसंच राहिलं.

"आणि कुणाकुणाला काय दिलं?"

मला ते विचित्र वाटलं. पण आठवत गेलं. दुकानातली हत्यारं शेजारच्या बबनला. टेपरेकॉर्डर चुलतबहिणीला. सासूबाई म्हणाल्याच होत्या, किती दिलदार पोरगा.

"मन शांत दिसत हुतं?"

"अगदी!"

सिस्टरांनी पेटी मिटली, डॉक्टरांच्या दारात जाऊन दोन वाक्यं बोलल्या. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मग माझ्या दंडाला धरून त्या मला रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथमध्ये घेऊन गेल्या. आष्ट्याच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर मीच फिरवला. फोन त्यांनी घेतला आणि सासूबाईंना बोलावून घेतलं. "आक्का, मी सांगलीची मावशी. दिलीपच्या जवळ बसा. त्याला एकट्याला सोडू नका, क्षणभरबी न्हाई. आमी निघालोच."

एसटीत पाऊण तास मी काहीबाही बडबडत राहिलो. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. फक्त एकदा म्हणाल्या, "दाजी, घड्याळ काढून खिशात ठेवा."

घरात शिरलो. सासूबाईंनी लसणाची पाटी मध्ये ठेवून दिलीपला सोलायला बसवलं होतं. सिस्टर सरळ त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या, एक गड्डा उचलला आणि सोलत सोलत विचारलं, "दिलीप, मरावंसं वाटतंय?"

मी खोकलो नाही.

त्यानं हातातली पाकळी सोलून पाटीत टाकली. मग तो म्हणाला, "व्हय."

"ठरवलंय?"

"आज-उद्याच."

सासूबाईंनी हंबरडा फोडला. सिस्टरांनी दुसरा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "आक्का, रडा, पर मागनं. त्यानं सांगितलं, हे लय मोठं काम केलंय. आधी त्याला चहा द्या." आणि त्याला म्हणाल्या, "आता हे तुझ्या एकट्याचं ऱ्हायलं न्हाई. आपुन चौघांनी वाटून घेतलं. बोल."

तो बोलला. तासभर बोलला. इतक्या दिवसांचं, आम्हाला कुणालाच ठाऊक नसलेलं. त्यांनी उपदेश केला नाही, आईकडं बघ म्हणाल्या नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. ऐकलं. मग उठून मला कामाला लावलं. घरातली शेताची औषधं आणि गोळ्यांचा साठा चुलत्यांच्या घरी, कुलपात. संध्याकाळच्या आत दिलीप सांगलीला वॉर्डात होता. आमच्या दोघांच्या मध्ये बसून, एसटीतूनच गेला.

त्या दिवशीची एक गोष्ट लिहायची टाळत होतो. चहा आला तेव्हा सासूबाईंनी सिस्टरांना तो वेगळ्या कपात दिला. सवयीनं. आडनाव विचारून झालं होतं, ओपीडीतच. मी पाहिलं आणि बोललो नाही. सिस्टरांनीही पाहिलं असणार. त्यांनी चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला आणि दिलीपची पिशवी भरायला घेतली.

दिलीप महिन्याभरानं घरी आला, तेव्हा सासूबाईंनी सिस्टरांना जेवायला बोलावलं. स्वयंपाकघरात, आपल्या शेजारी पाट मांडून. त्यांनी आधी मीठ वाढलं. "चुकलं माजं," एवढंच म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, "आक्का, झुणका झकास झालाय." तो कप नंतर मला त्या घरात कधी दिसला नाही.

आणि मी? मला झोप लागेना. ते घड्याळ मी मिरवत होतो, ही गोष्ट आतून खात होती. वॉर्डाच्या जिन्यात मी सिस्टरांना तसं सांगितलं. त्या थांबल्या.

"तुमी घड्याळ घेतलं न्हसतं, तर माझ्याफुडं बाही वर केली असती का? मला कळलं कसं असतं?" मग चष्मा पुसत म्हणाल्या, "दाजी, तुमच्या चुका लय उपेगाच्या असत्यात."

इतकं मोठं प्रशस्तिपत्रक मला शाळेनं निवृत्तीपर्यंत दिलं नाही.

पुढची वर्षं सरळ गेली असं नाही. पण चढ दिसला की घरातच कुणीतरी झोप मोजायचं, उतार दिसला की कुणीतरी तोंडावर विचारायचं. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा दिलीप म्हणाला, "दाजी, तुम्ही सिस्टरांसारखं विचारत नाही, परीक्षा घेतल्यासारखं विचारता." पण उत्तर दिलं. दुकान चालू झालं. हत्यारं बबननं आपणहून आणून दिली. घड्याळ मी परत केलं.

दशक संपता संपता सिस्टर निवृत्त झाल्या आणि लेकीकडे राहायला निघाल्या. शेवटच्या मंगळवारी आम्ही हजेरी दिली. त्यांनी पेटी नव्या सिस्टरांच्या हाती देताना दिलीपचं कार्ड काढलं. एकाला एक जोडून कार्डांची जाड वही झाली होती. "ह्ये सकाळची गोळी न घेता येत्यात," त्या नव्या सिस्टरांना म्हणाल्या, "फकस्त दाजी संगं असले तर एकदा इचारून घ्या."

स्टँडवर त्यांना सोडायला गेलो. आभार मानायला मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "ती पिशवी वर ठेवा आधी." गाडी सुरू झाली. त्या खिडकीत होत्या, काहीतरी विचारत होत्या, पण इंजिनच्या घरघरीत ऐकू येईना. मग त्यांनी तळहात गालाला लावला आणि मान कलती केली. झोप?

दिलीपनं दोन्ही हात उंच केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन. मनगटावरचं घड्याळ उन्हात चमकलं. त्यांनी ते पाहिलं, मान डोलावली आणि गाडी वळली.

घरी आलो तो सोमवार नव्हता, पण पुढचा सोमवार आलाच. पानात अळणी आमटी पाहून माझा संयम सुटला. मी बायकोला म्हणालो, "इतकी वर्षं झाली. दिलीप दुकान चालवतो, हसतो, सात तास झोपतो. चांगला बरा आहे की! आता तरी माझं मीठ सुरू कर."

तिनं आमटीची वाटी माझ्याकडे थोडी आणखी सरकवली.

"बरं वाटतंय," ती म्हणाली, "म्हणूनच बंद करायचं नाही."